गणवेषातील पितर

कुटुंबाच्या जुन्या छायाचित्रांत गणवेषातला एखादा पुरुष आढळला की तो कोणत्या पलटणीत होता हा प्रश्न ओघानेच उभा राहतो, आणि तो बहुधा केवळ माहितीचा प्रश्न समजला जातो: बिल्ला ओळखता आला, खांद्यावरचा आकडा वाचता आला, की उत्तर मिळाले. वस्तुतः या प्रश्नाच्या पोटात भारतीय विचारपरंपरेतील दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. पहिला प्रमाणशास्त्राचा, म्हणजे एखादे ज्ञान यथार्थ आहे हे कशाच्या आधारे ठरवावे याचा. आणि दुसरा धर्मशास्त्राचा, म्हणजे गेलेल्या माणसाचे जिवंतांवर जे ऋण असते त्यात त्याला खरेपणाने ओळखणे हेही मोडते की काय, याचा. हे प्रश्न एरवी वेगवेगळ्या ग्रंथांत आणि वेगवेगळ्या पंडितांनी चर्चिलेले असले, तरी एका पिवळ्या पडलेल्या तसबिरीपुढे ते एकत्र येतात, आणि पहिल्याचे उत्तर ढिलाईने दिले तर दुसऱ्याचेही बिघडते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

विवेचनासाठी मुंबई इलाख्यातून पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या मराठी शिपायांची छायाचित्रे घेणे सोयीचे आहे, कारण सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव या भागांतील अनेक घरांत ती माजघराच्या भिंतीवर किंवा ट्रंकेच्या तळाशी आजही सापडतात. १९१४ साली 'मराठा' हे नाव धारण करणाऱ्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फन्ट्री, आणि ११४, ११६ व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी. १९२२ च्या पुनर्रचनेत या सहांची मिळून 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' ही एकच रेजिमेंट झाली, जुन्या पलटणी तिच्या बटालियन बनल्या आणि बेळगाव हे तिचे केंद्र ठरले. १०३ क्रमांकाची पलटण पहिली बटालियन म्हणजे 'जंगी पलटण' झाली, १०५ क्रमांकाची दुसरी म्हणजे 'काळी पाचवी', आणि ११७ क्रमांकाची पाचवी, जिला 'रॉयल' हा किताब होता. महार शिपायांची १११ क्रमांकाची पलटण १९१७ मध्ये उभारली गेली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावातच महार रेजिमेंटची स्थापना झाली. या तपशिलाचा उपयोग उघड आहे. खांद्यावर १०३ हा आकडा दिसला तर छायाचित्र पुनर्रचनेपूर्वीचे ठरते, आणि १११ दिसला तर त्याचा काळ चार-पाच वर्षांच्या आत येऊन बसतो. अडचण एवढीच की आकडा स्वच्छ वाचता येईल असे छायाचित्र क्वचित हाती लागते, आणि मग जे न दिसणारे ते दिसणाऱ्यावरून काढावे लागते.

न दिसणारे दिसणाऱ्यावरून काढण्याच्या या व्यापाराला न्यायशास्त्रात 'अनुमान' म्हणतात. डोंगरावर धूर दिसतो, जेथे धूर तेथे अग्नी असतो हे ठाऊक असते, आणि त्यावरून डोंगरावर अग्नी असल्याचे ज्ञान होते. येथे धूर हे 'लिंग' म्हणजे खूण, आणि धूर व अग्नी यांच्या अव्यभिचारी साहचर्याला 'व्याप्ती' असे नाव आहे. अनुमानाचे सगळे बळ व्याप्तीत असते, आणि छायाचित्र पाहणाऱ्याची पहिली चूक व्याप्ती न तपासता लिंगावर झेप घेण्याची असते. एक नेहमी आढळणारा नमुना घ्यावा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, पंज्याएवढ्या छायाचित्रात एक तरुण शिपाई वेताच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा आहे. मागच्या रंगवलेल्या पडद्यावर खांब, कठडा आणि एक परकी बाग आहे. पायांत जड बूट आहेत आणि पोटऱ्यांना लोकरी पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या आहेत. पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून छातीवरच्या पदकांकडे जाते आणि तेथेच थांबते, पण या चित्रातील सर्वांत विश्वासू साक्षीदार पोटरीवर असतो. पायदळातला शिपाई पट्टी घोट्यापासून वर गुंडाळत नेतो, म्हणून तिची शेवटची नाडी गुडघ्याच्या खाली बांधलेली दिसते. घोड्यावर बसणारा, मग तो रिसाल्यातला असो वा तोफखान्यातला, ती गुडघ्याखालून सुरू करून घोट्याशी संपवतो, म्हणून त्याची नाडी खाली दिसते. ज्या कुटुंबात 'आजोबा घोडदळात होते' असे पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले त्या कुटुंबातील छायाचित्रात नाडी गुडघ्याखाली असेल, तर बोटभर रुंदीच्या त्या नाडीने एक मोठी कथा संशयाच्या कक्षेत आणली असे म्हणावे लागते.

पोटरीची नाडी पायदळ सांगते, पलटण सांगत नाही. आणि पलटण सांगणाऱ्या म्हणून ज्या खुणा सर्रास मानल्या जातात त्यांतील बऱ्याच 'सव्यभिचार' असतात. सव्यभिचार किंवा अनैकांतिक हेतू म्हणजे अशी खूण की जी साध्याबरोबर आढळते आणि साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर बिगूल आहे हे खरे, परंतु बिगूल हे हलक्या पायदळाचे आणि रायफल पलटणींचे सर्वसाधारण चिन्ह असल्यामुळे, केवळ बिगुलाच्या आकारावरून 'मराठा' हा निष्कर्ष निघत नाही. दुसऱ्या महायुद्धातील छायाचित्रांत दंडावर शिवलेला लाल गरुड दिसला की त्याला रेजिमेंटचे चिन्ह समजण्याकडे कल असतो. तो चौथ्या हिंदी डिव्हिजनचा आहे, आणि एका डिव्हिजनमध्ये निरनिराळ्या रेजिमेंटच्या, अगदी ब्रिटिश पलटणीही, एकत्र असत. दंडावरच्या फिती हुद्द्याच्या असतात, एक लान्सनाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. परंतु कोपराखाली लावलेल्या फिती चांगल्या वर्तणुकीच्या असतात, आणि या दोहोंची गल्लत झाली की साध्या शिपायाला मरणोत्तर बढती मिळते.

या सर्वांहून घातक अशी एक व्याप्ती मात्र वेषातून येत नाही, ती जातीच्या अभिमानातून येते: पुरुष मराठा, म्हणून पलटण मराठा. ही व्याप्ती मुळातच खोटी आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे पूल, रस्ते, सुरुंग यांची कामे करणाऱ्या दलात, मराठे होते. खेचरे हाकणाऱ्या वाहतूक दलात होते. कोकणातले कित्येक जण तर जहाजांवर होते. जन्म हे सैन्यसेवेचे लिंग नव्हे, आणि ज्या साम्राज्यशाहीने 'लढवय्या जाती' नावाची कल्पना रचून माणसांना कप्प्यांत भरले त्या साम्राज्यशाहीचेच कप्पे तिच्या माघारी तिच्या शिपायांच्या नातवंडांनी प्रमाण मानावेत, ही गोष्ट दुःखद आहे.

येथवर असे गृहीत धरले की निदान डोळ्यांना दिसते ते तरी खरे आहे. तेही पूर्णपणे धरून चालत नाही. प्रत्यक्ष ज्ञानाची व्याख्या करताना न्यायसूत्रांनी ते 'अव्यभिचारी' असावे अशी अट घातली आहे, कारण इंद्रियांत दोष असेल तर शिंपलीच्या जागी रुपे दिसते. जुन्या कॅमेऱ्याच्या इंद्रियात असा एक जन्मजात दोष होता. त्या काळच्या काचा आणि फिल्म निळ्या रंगाला फार तत्परतेने आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच प्रतिसाद देत नसत. ऑर्थोक्रोमॅटिक म्हटल्या जाणाऱ्या फिल्मला हिरवा-पिवळा काही अंशी कळू लागला तरी तांबड्याबाबत ती आंधळीच राहिली. परिणामी लाल पट्टा काळा उमटतो आणि निळा पांढुरका. पहिल्या महायुद्धाच्या १९१४-१५ स्टार या पदकाची फीत लाल, पांढरी आणि निळी आहे. छायाचित्रात तिची एक कड काळवंडते, दुसरी पांढऱ्यात मिसळून जाते, आणि पाहणाऱ्याला भलतीच फीत दिसते. छायाचित्र हाताने रंगवण्याची जी चाल होती तिने यात भर घातली, कारण रंगाऱ्याने शिपायाला कधी पाहिलेले नसे आणि तो आपल्या अंदाजाने तांबडे-हिरवे भरी. याशिवाय उलट्या छापलेल्या चित्रांत डावे-उजवे फिरते. पदके छातीच्या डाव्या बाजूला लावतात. ती उजवीकडे दिसली तर कोटाची गुंडी कोणत्या बाजूने लागली आहे ते पाहावे, कारण गुंड्याही उलट्या असतील तर चित्र उलटे आहे, आणि गुंड्या सुलट असूनही पदके उजवीकडे असतील तर ती बहुधा दुसऱ्या कोणाची, वडिलांची किंवा गेलेल्या भावाची, मान म्हणून धारण केलेली असतात. म्हणजे एकाच खुणेतून दोन निष्कर्ष संभवतात आणि निर्णय तिसरी, क्षुल्लक वाटणारी खूण करते.

काही वेळा जे चित्रात नाही त्यावरूनही ज्ञान होते. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे: जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तेथे घडा नाही हे कळते. परंतु त्यांनी त्याला एक अट जोडली आहे आणि ती फार मोलाची आहे. न दिसणे हे प्रमाण तेव्हाच होते जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती; अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. यास 'योग्यानुपलब्धी' म्हणतात. छातीवर पदके नाहीत म्हणून तो पुरुष युद्धावर गेला नाही, असे अनुमान करणारा ही अट विसरतो, कारण बहुतेक शिपाई छायाचित्र काढून घेत ते भरतीनंतर लगेच किंवा जहाजावर चढण्याआधी, घरी ठेवून जाण्यासाठी. पदके युद्ध संपल्यानंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी आली. पुष्कळांच्या बाबतीत ती आली तेव्हा छायाचित्र काढून घेणारा जिवंत नव्हता.

कुटुंबात चालत आलेले सांगणे हे शब्दप्रमाण. आप्त, म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो, त्याचा शब्द प्रमाण. आणि मूळ वक्ता माहीत नसलेले परंपरागत सांगणे म्हणजे 'ऐतिह्य', ज्याला पौराणिकांनी वेगळे प्रमाण मानले आणि नैयायिकांनी शब्दातच जमा केले. घरातली आजी खोटे बोलत नाही. तरी तिचा शब्द तिच्या कानावर आला तसाच तिने पुढे दिलेला असतो. 'आजोबा पाचवीत होते' या तीन शब्दांच्या वाक्याचे तीन अर्थ होतात: पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही संपूर्ण रेजिमेंट, तिची पाचवी म्हणजे रॉयल बटालियन, किंवा 'काळी पाचवी' म्हणजे तिची दुसरी बटालियन. अर्थाअर्थांतले अंतर साधे नाही. काळी पाचवी १९४२ च्या जूनमध्ये टोब्रुकला शत्रूच्या हाती सापडली. याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनने त्याआधी १९४१ च्या मार्चमध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगरावर चढाई केली होती, आणि पुढे इटलीत तिच्या यशवंत घाडगे यांना १९४४ च्या जुलैमधील पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका आकड्याच्या अर्थावर एक आजोबा युद्धकैद्यांच्या छावणीत जातात किंवा डोंगरावरच्या हल्ल्यात. 'बसऱ्याला होते' या वाक्याचेही तसेच आहे. टायग्रिसच्या काठी कूत येथे वेढ्यात अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेने शरणागती पत्करल्यावर सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली, ज्यांतील हजारो वाटेवर आणि छावण्यांत मेली. तथापि बसरा हे बंदर असल्यामुळे मेसोपोटेमियात उतरलेला प्रत्येक हमाल, भिस्ती आणि खेचरवालाही 'बसऱ्याला' होताच.

आता मूळ प्रश्नाच्या गाभ्याशी यावे. पलटण ओळखली म्हणजे माणूस ओळखला का? 'हा तोच देवदत्त' हे दर्शनग्रंथांतील एक सुप्रसिद्ध उदाहरण आहे. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी दिसतो आणि पाहणारा म्हणतो, हा तोच. या ज्ञानाला 'प्रत्यभिज्ञा' म्हणजे पुन्हा ओळखणे असे नाव आहे. बौद्ध तार्किकांनी तिच्यावर आक्षेप घेतला की येथे एक ज्ञान नसून स्मरण आणि दर्शन या दोहोंची सरमिसळ आहे, आणि सादृश्यामुळे ती फसते. कापल्यावर पुन्हा वाढलेले केस 'तेच' वाटतात, दिव्याची क्षणाक्षणाला नवी होणारी ज्योत 'तीच' वाटते. कुटुंबातील छायाचित्रांपुढे हा आक्षेप विलक्षण खरा ठरतो, कारण भावाभावांचे, चुलत्या-पुतण्यांचे नाक-डोळे सारखे असतात, आणि धोतर-मुंडाशातल्या वृद्धाच्या आठवणीवरून गणवेषातला विशीचा तरुण ओळखताना सादृश्यच काम करीत असते. अद्वैत्यांनी त्याच उदाहरणाचा उपयोग उलट दिशेने केला. 'तो' या शब्दातील पूर्वीचा देश-काल आणि 'हा' या शब्दातील आजचा देश-काल बाजूला सारले की जो उरतो तो देवदत्त एकच, असे त्यांनी म्हटले, आणि जे बाजूला सारायचे त्याला 'उपाधी' हे नाव दिले. स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो; तांबडेपणा फुलाचा असतो, स्फटिकाचा नसतो. गणवेष ही अशीच उपाधी आहे, किंबहुना ती हेतुपुरस्सर घडवलेली उपाधी आहे, कारण शंभर माणसे एकसारखी दिसावीत, गाव, कूळ, घरची ओळख पुसली जावी आणि आकडा तेवढा उरावा, यासाठीच ती शिवलेली असते. ज्या कपड्याचे कामच माणूस झाकण्याचे, त्या कपड्यावरून माणूस शोधायला निघणे यात एक अंगभूत विसंगती आहे, आणि तिची जाणीव शोधणाऱ्याने सोडू नये.

तरीही ही उपाधी निरुपयोगी म्हणता येत नाही, आणि याचे कारण धर्मशास्त्रात सापडते. तैत्तिरीय संहितेत जन्मतःच अंगावर येणारी तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांतील पितृऋण तेथे संततीने फेडायचे आहे, आणि पुढच्या काळात श्राद्ध व तर्पण ही त्याची नित्याची फेड मानली गेली. तर्पणात पाणी द्यायचे ते नाते, गोत्र आणि नाव उच्चारून. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे ज्या पंधरवड्याला घरोघरी 'म्हाळ' म्हणतात त्यात, ज्याची जी मृत्युतिथी त्या तिथीला त्याचे श्राद्ध होते. परंतु शस्त्राने मेलेल्यांसाठी चतुर्दशी राखून ठेवलेली आहे, आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांना सर्वपित्री अमावास्या आहे. म्हणजे शिपाई कसा मेला हे कळण्यावर त्याला कोणत्या दिवशी घास ठेवायचा हे अवलंबून आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत गोळीखेरीज रोगाने, पटकी, अतिसार, उष्माघात यांनीही, पुष्कळ माणसे मेली. तेव्हा रणावरून परत न आलेला प्रत्येक जण चतुर्दशीचा मानता येत नाही. पलटण कळली तर ती कोणत्या महिन्यात कोठे होती हे कळते, त्यावरून मृत्यूचा प्रसंग आणि दिनांक जवळ येतो, आणि दिनांकावरून पंचांग तिथी देते. छायाचित्रातल्या पितळी अक्षरांपासून केळीच्या पानावरच्या घासापर्यंत असा एक सरळ दोर जातो.

या दोराचा कोणताही पीळ तुटू शकतो याची कल्पना शास्त्रकारांना होती. परदेशी गेलेला माणूस वर्षानुवर्षे आलाच नाही आणि देहही सापडला नाही, तर पळसाच्या तीनशे साठ पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा असा विधी निबंधग्रंथांत आहे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्र उच्चारावे. आणि नावच माहीत नसेल तर? गृह्यसूत्रांनी यासाठीही वाट काढून ठेवली आहे: वडिलांना 'पृथिवीषद्' म्हणजे पृथ्वीवर बसलेला, आजोबांना 'अंतरिक्षसद्' आणि पणजोबांना 'दिविषद्' म्हणजे द्युलोकात बसलेला असे म्हणून पाणी द्यावे. या तरतुदीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ज्या विधीचा सारा भर नेमकेपणावर, नावावर, तिथीवर आहे, त्याने न कळण्यालाही स्वतःच्या आत एक मानाची जागा ठेवली, आणि अज्ञात पित्याला सबंध पृथ्वी आसन म्हणून दिली. खोट्या नावाला मात्र त्याने अशी जागा कोठेही दिलेली नाही. माहीत नसल्यास अंदाजाने एखादे चांगलेसे नाव घ्यावे, असे कोणत्याही ग्रंथकाराने सुचवले नाही. श्राद्ध हा शब्द श्रद्धेवरून आला, आणि श्रद्धेतील 'श्रत्' हा शब्द वैदिक निघंटूत सत्याच्या पर्यायांमध्ये गणला आहे. सत्यावर मन ठेवणे ही श्रद्धा, आणि तिने केलेले ते श्राद्ध. या व्युत्पत्तीचा अर्थ गंभीरपणे घेतला तर असे म्हणावे लागते की पुराव्याविना पितरावर चढवलेला पराक्रम हा त्याचा सन्मान नसून श्राद्धातली एक उणीव आहे, आणि 'ठाऊक नाही' असे म्हणणे हे पूर्ण श्राद्ध आहे.

हा निष्कर्ष पचायला कठीण आहे, कारण पलटणीचा शोध बहुधा निर्मळ जिज्ञासेने सुरू होत नाही. शोधणाऱ्याला वीर हवा असतो. न्यायग्रंथांत इच्छेला आत्म्याचे लिंग म्हटले आहे, पण इच्छा वस्तूचे लिंग होऊ शकत नाही. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्यांना चांदीचे मिळाले, आणि मजूर दलांतील अनेकांना तेच ब्राँझचे. करड्या छायाचित्रात चांदी आणि ब्राँझ यांतला फरक दिसत नाही, फीत तर सारखीच. त्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल कोरलेले असे, म्हणून पदक हाती असते तर शंका मिटली असती. परंतु चांदीची पदके दुष्काळात, लग्नकार्यात, कर्जात सोनाराकडे गेली आणि वितळली. उरले ते चित्र. त्यातला पुरुष बंदूक घेऊन उभा असला तरी स्टुडिओत बंदूक उसनी मिळत असे, आणि तो कदाचित तापाने फणफणलेल्या माणसांना पखालीतून पाणी पाजणारा भिस्ती असेल. असा शोध लागल्यावर ज्या घरात निराशा होते त्या घराने कर्णाची कथा आठवावी. महाभारताच्या स्त्रीपर्वात गंगेच्या काठी मृतांना पाणी देणे चालू असताना कुंती उठते आणि सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. ओळख पटते ती जलदानाच्या क्षणी, आणि ती युधिष्ठिराला सुख देत नाही. ज्याला सूतपुत्र म्हणून हिणवले, ज्याला मारले, तो आपला निघाला, हे ज्ञान त्याला जन्मभर जाळते. तरी तो ते नाकारीत नाही. त्या नावाने तो पाणी देतो. पितराची खरी ओळख स्वीकारणे हे ऋण आहे, ती अभिमानास्पद असो वा नसो, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

महाराष्ट्रात छायाचित्राच्या आधीही वीराची आठवण ठेवण्याच्या रीती होत्या. गावाच्या वेशीवरचा वीरगळ खालच्या चौकटीत झुंज दाखवतो, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. त्यावर नाव बहुधा नसतेच. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकावरही वीर म्हणून ठोकलेली आकृती कोणा एकाची नसते, आणि नाशिकला धूलिवंदनाच्या दिवशी असे वीर वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला नेतात तेव्हा त्यांचे नाव कोणी विचारत नाही. तेथे वीर हा प्रकार आहे, व्यक्ती नाही, आणि तसा दावाही नाही. म्हणूनच त्या रीतीत असत्य शिरत नाही. छायाचित्र मात्र एका विशिष्ट माणसाच्या अंगावरून परावर्तित झालेल्या उजेडाचे बनलेले असते, आणि म्हणून ते नावाची मागणी करते.

नावाच्या या मागणीला सत्तेने काय उत्तर दिले हे पाहण्यासारखे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमा येथे कंपनी सरकारने जो स्तंभ उभारला त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत, आणि त्यांतील 'नाक' या शेवटावरून महार शिपाई ओळखू येतात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले, आणि पुढे महार रेजिमेंटच्या आरंभीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ आला. शंभर वर्षांनंतर बसऱ्याच्या स्मारकावर, जेथे ४० हजारांहून अधिक मृतांची आठवण ठेवली आहे, हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके हिंदी शिपाई' असा आकडा आला. युद्धात मेलेल्या प्रत्येकाला त्याच्या नावानिशी समान मान द्यायचा हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचे मूळ तत्त्व होते, आणि ते पाळले गेले नाही हे त्याच आयोगाच्या अहवालाने २०२१ मध्ये मान्य केले. ज्या महार घरांनी १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बुद्धाचा मार्ग धरला त्यांनी श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा केलेली आहे, म्हणून त्यांच्यासाठी तिथीचा प्रश्न उरत नाही. पण १११ महार पलटणीतील एखाद्या पणजोबाचे नाव आकड्यातून सोडवून घेण्याची निकड त्यांना कमी नाही, उलट अधिक आहे, कारण ज्यांची भरती १८९० च्या दशकात बंद केली गेली आणि गरज पडताच पुन्हा उघडून युद्ध सरताच पुन्हा बंद केली गेली, त्यांच्या बाबतीत पुसून टाकण्याचे काम एकदाच झालेले नाही.

छायाचित्राच्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर मऊ पेन्सिलीने लिहिताना म्हणून तीन गोष्टी वेगळ्या लिहिणे योग्य ठरते: काय दिसते, त्यावरून काय अनुमानले, आणि कोणाकडून काय ऐकले. एवढी शिस्त पाळली तर पुढच्या पिढीला चूक सुधारता येते, आणि पलटणीचे नाव, त्याचा आधार पक्का असेल तेव्हा, एका दाराची किल्ली होते. बसऱ्याची ती भिंत आज मूळ जागी नाही. १९९७ मध्ये ती शहरापासून दूर, नासिरियाच्या रस्त्यावर हलवण्यात आली. परंतु भिंतीवर जी नावे नाहीत ती आयोगाच्या नोंदींत आहेत, आणि त्या पलटणीनुसार पाहता येतात. १०३, ११०, ११७ यांच्या रकान्यांत खाली उतरत गेले की शिपायाचा क्रमांक येतो, मग नाव, मग दिनांक, आणि कित्येक ओळींच्या शेवटी, कारकुनाच्या इंग्रजी कानाला ऐकू आले तसे: अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी.